ड्रायव्हर हाताने अद्ययावत ठेवण्याचा अनुभव: वर्षभराच्या वापरानंतर

घरच्या असेम्बल केलेल्या डेस्कटॉपवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर मी गेले वर्षभर ड्रायव्हर (संगणकाचा एखादा भाग विंडोजला वापरता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर) आपोआप अद्ययावत करणारे कोणतेही सॉफ्टवेअर ठेवलेले नाही. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (संगणकातील सर्व भागांची यादी दाखवणारी खिडकी) आणि त्या त्या उत्पादकाचे संकेतस्थळ एवढ्यावरच काम भागवले आहे. संगणकाचा वेग वाढेल या आशेने कोणी हा खटाटोप करणार असेल, तर त्याची बहुधा निराशा होईल. मला याचा उपयोग झाला तो दोन ठिकाणी: सतत तुटणारे वायफाय कायमचे सुधारले, आणि आपल्या यंत्रात कोणत्या भागासाठी कोणाचा, कोणत्या आवृत्तीचा ड्रायव्हर बसला आहे हे नेमके कळल्यामुळे काही बिघडलेच तर मागे कोठे यायचे हे ठाऊक झाले. सगळ्याच ड्रायव्हरांच्या मागे लागावे असे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही.

डेस्कटॉप दुकानातून घरी आला तेव्हा त्यावरचे बहुतेक ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरील एकाच मोठ्या ड्रायव्हर पॅकमधून टाकलेले होते. दिवसभर यंत्रे फॉरमॅट करणाऱ्या दुकानदाराला प्रत्येक मदरबोर्डाचे पान उघडून एकेक फाइल उतरवत बसणे परवडत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु अशा पॅकमधून काय आले आणि काय उगाचच आले याचा हिशेब नंतर कोणालाच लागत नाही. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून विंडोजमधलीच पीएनपीयूटिल ही आज्ञा एनम-ड्रायव्हर्स या पर्यायासह चालवली, की विंडोजच्या बाहेरून आलेल्या सर्व ड्रायव्हरांची यादी समोर येते. त्यात प्रत्येकाला 'ओईएम' आणि त्यापुढे क्रमांक असे नाव दिलेले असते, आणि खाली पुरवठादार, तारीख, आवृत्ती व ड्रायव्हरवर डिजिटल सही करणाऱ्याचे नाव असते. माझ्या यादीत जे भाग या संगणकात कधी नव्हतेच त्यांचेही ड्रायव्हर निघाले. ते काढून टाकण्यातच पहिला आठवडा गेला.

भाग नेमका कोणता आहे हे ओळखण्याची रीत एकदा शिकून घेण्यासारखी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीज उघडाव्यात, डिटेल्स या टॅबवर जाऊन 'हार्डवेअर आयडीज' निवडावे. तेथे दिसणाऱ्या लांबलचक ओळीतील पहिला चार चिन्हांचा संकेतांक उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा असतो. इंटेलचा संकेतांक ८०८६ आहे, म्हणजे १९७८ साली आलेल्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच क्रमांक. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२ आहे. पिवळा त्रिकोण दाखवणारे 'अननोन डिव्हाइस' कोणते, हे याच ओळीवरून कळते, आणि हीच ओळ मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये शोधली तर बहुतेक वेळा योग्य ड्रायव्हरची कॅब (एकत्र बांधून दाबलेली) फाइलही मिळते. ती एका फोल्डरमध्ये उलगडायची, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर' निवडून स्वतःच्या संगणकावर शोधण्याचा पर्याय घ्यायचा आणि त्याला तो फोल्डर दाखवायचा, एवढेच काम असते. त्याच खिडकीतील आपोआप शोधण्याचा पर्याय मात्र फारसा उपयोगाचा नाही. उत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे, असे उत्तर तो देतो. त्याचा अर्थ संगणकाच्या स्वतःच्या साठ्यात याहून योग्य काही सापडले नाही इतकाच असतो, उत्पादकाकडे नवी आवृत्ती आहे की नाही याचा तपास त्याने केलेलाच नसतो.

आता वायफायविषयी. संगणक स्लीपमधून उठला की वायफायचे चिन्हच नाहीसे व्हायचे आणि पुन्हा सुरू केल्याशिवाय परत यायचे नाही. प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट या टॅबवर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा काढून घेतल्यावर थोडा फरक पडला, पण त्रास गेला नाही. विंडोजने दिलेला ड्रायव्हर आणि कार्डाच्या उत्पादकाच्या पानावरील ड्रायव्हर यांच्या तारखांमध्ये बरेच अंतर होते. नवा टाकला आणि चिन्ह नाहीसे होणे थांबले. ब्लूटूथ हेडफोनचा आवाज मात्र पूर्वीसारखाच तुटत राहिला, त्याचे कारण पुढे लक्षात आले: एकाच कार्डावर असले तरी वायफाय पीसीआय एक्स्प्रेस या मदरबोर्डावरील जोडणीमार्गे आणि ब्लूटूथ यूएसबीमार्गे जोडलेले असते, म्हणून डेस्कटॉपच्या कार्डातून मदरबोर्डाच्या यूएसबी पिनांकडे एक वेगळी वायर गेलेली दिसते, आणि दोन्हींचे ड्रायव्हरही स्वतंत्र असतात. ब्लूटूथचा वेगळा टाकल्यावर तोही प्रश्न मिटला.

परंतु काही आठवड्यांनी विंडोज अपडेट झाले आणि वायफायचा जुना ड्रायव्हर आपोआप परत आला. हा अनुभव अनेकांना येतो आणि विंडोजने मुद्दाम खोडी काढली असे वाटते, म्हणून त्यामागचा नियम येथे थोडा विस्ताराने सांगतो. एका उपकरणासाठी दोन ड्रायव्हर उपलब्ध असतील, तर विंडोज आधी सही तपासते, त्यानंतर ड्रायव्हरमध्ये लिहिलेली ओळख उपकरणाच्या ओळखीशी किती तपशिलाने जुळते ते पाहते, आणि तेवढे सगळे सारखे असेल तरच तारीख व आवृत्ती यांची तुलना करते. विशिष्ट ब्रँडच्या विशिष्ट मॉडेलसाठी नोंदवलेला जुना ड्रायव्हर त्यामुळे सर्वसाधारण ओळखीवर चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरपेक्षा वरचढ ठरू शकतो. नवा म्हणजे वरचा, हा आपला समज येथे लागू पडत नाही.

यावर उपाय आहे, पण तो अगदी निर्दोष नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी या प्रगत सेटिंगांच्या साधनामध्ये विंडोज अपडेटसोबत ड्रायव्हर न घेण्याची सोय आहे. ती चालू केल्यापासून माझे ड्रायव्हर जागच्या जागी राहिले आहेत. मात्र नवा प्रिंटर किंवा वेबकॅम जोडला की त्याचा ड्रायव्हर आपोआप येत नाही आणि घरातील इतर माणसे 'हे चालत नाही' म्हणून हाक मारतात. अशा वेळी मी ती सोय तात्पुरती बंद करतो, उपकरण ओळखले गेले की पुन्हा चालू करतो.

तारखांच्या बाबतीत एक गंमत सांगितली पाहिजे, कारण ड्रायव्हर स्कॅन करून देणाऱ्या अनेक कार्यक्रमांचा धंदा तिच्यावरच चालतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये विंडोजसोबत येणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हरांची तारीख २१ जून २००६ दिसते. ते ड्रायव्हर त्या काळातले नसतात. मायक्रोसॉफ्टने ही तारीख मुद्दाम मागे ठेवली आहे, कारण विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तिच्या ड्रायव्हरांची तारीख पुढे सरकत गेली असती, तर बाकी सारखे असताना उत्पादकाच्या ड्रायव्हरला त्यांनी बाजूला सारले असते. इंटेलने तर आपल्या चिपसेटच्या (मदरबोर्डावरील भागांना जोडणाऱ्या चिपांच्या) फाइलींवर १८ जुलै १९६८ ही कंपनीच्या स्थापनेची तारीख घातली आहे. या फाइलींचे काम मुख्यतः उपकरणाला योग्य नाव देण्याचे असते. त्यामुळे एखादा कार्यक्रम लाल अक्षरांत तुमचा ड्रायव्हर वीस वर्षे जुना असल्याचे सांगून पैसे मागू लागला, तर त्याने फक्त तारीख वाचली आहे असे खुशाल समजावे. असे कार्यक्रम मी एकदाही वापरावेत असे या वर्षभरात काही घडले नाही.

ग्राफिक्सचा ड्रायव्हर हा हाताने टाकण्याजोगा दुसरा ड्रायव्हर, आणि येथे काम सर्वांत सोपे आहे. माझे कार्ड एनव्हिडियाचे आहे. या कंपनीकडे गेम खेळणाऱ्यांसाठी गेम रेडी आणि व्हिडिओ वा चित्रांचे काम करणाऱ्यांसाठी स्टुडिओ अशा दोन मालिका असतात. मी स्टुडिओ घेतो, कारण त्यातील आवृत्त्या सावकाश येतात आणि माझे काम व्हिडिओ कापण्या-जोडण्याचे आहे. संकेतस्थळावरील आवृत्ती आणि डिव्हाइस मॅनेजरमधील आवृत्ती जुळत नाहीत म्हणून पुष्कळ जण गोंधळतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३२.०.१५.६०९४ असे दिसत असेल, तर शेवटचे पाच अंक घ्यावेत: ५, ६, ०, ९, ४, म्हणजे आवृत्ती ५६०.९४. नवी आवृत्ती आली म्हणून लगेच टाकण्याचे कारण नसते. सुरक्षेची त्रुटी दुरुस्त केली असेल किंवा आपण वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचा उल्लेख तिच्या टिपणात असेल, तेव्हाच मी ती घेतो. टाकताना कस्टम पर्यायात जाऊन स्वच्छ स्थापनेच्या चौकटीत खूण करतो. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या नावाचे, सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर चालते त्या अवस्थेत) जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारे साधन प्रसिद्ध आहे, पण ते दर वेळी वापरण्याची गरज मला वाटली नाही. एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग आहे.

ऑडिओच्या बाबतीत हाताने टाकण्याची पद्धत सर्वांत कमी उपयोगी ठरली. याचे कारण आजच्या ड्रायव्हरांच्या रचनेत आहे. पूर्वी एका सेटअपमध्ये सगळे असे. आता मूळ ड्रायव्हर वेगळा, मदरबोर्डाच्या उत्पादकाने केलेले बदल सांगणारी विस्तार-फाइल वेगळी, आणि नियंत्रणासाठीचे ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळे येते. केवळ मूळ ड्रायव्हर नवा केला, तर आवाज येतो, पण नियंत्रणाचे ॲप उघडत नाही आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या जॅकमध्ये माइक लावला तरी त्याची नोंद होत नाही. माझ्याकडे नेमके हेच झाले. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबून मिनिटभरात मागे आलो आणि तेव्हापासून आवाजाला हात लावलेला नाही. हे बटण आधीची आवृत्ती साठ्यात शिल्लक असेल तरच चालते, नाहीतर ते फिकट दिसते. म्हणून नवे टाकण्यापूर्वी ड्रायव्हर स्टोअर, म्हणजे विंडोजचा हाच साठा, 'साफ' करण्याचा उत्साह आवरावा.

लॅपटॉपला वेगळे नियम लागतात. टचपॅड, फंक्शन कळा, बॅटरीची चार्जिंग-मर्यादा या गोष्टी लॅपटॉपच्या कंपनीने आपल्या पद्धतीने बांधलेल्या असतात, त्यामुळे चिप बनवणाऱ्याचा सर्वसाधारण ड्रायव्हर टाकण्यापेक्षा लॅपटॉपच्या मॉडेलच्या पानावरील जुना ड्रायव्हर अधिक भरवशाचा असतो. त्याच पानावर बायोसही (संगणक सुरू करणारे, बोर्डावरच साठवलेले मूळ सॉफ्टवेअर) दिलेला असतो आणि लोक त्याला ड्रायव्हरच समजतात. तो अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा चार्जर जोडल्याशिवाय आणि बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर अजिबातच जाऊ नये.

या वर्षात लागलेली सर्वांत उपयोगी सवय म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांची प्रत काढून ठेवणे. पीएनपीयूटिलला एक्स्पोर्ट-ड्रायव्हर हा पर्याय, तारांकन आणि एखाद्या फोल्डरचा पत्ता दिला, की बाहेरून आलेले सर्व ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये उतरतात. विंडोज नव्याने टाकावे लागले तेव्हा नेटवर्क कार्डच ओळखले जाईना, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही असा पेच उभा राहिला. पेन ड्राइव्हवरील तो फोल्डर दाखवताच काम झाले. ज्यांच्याकडे अशी प्रत नसेल त्यांनी अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून यूएसबी टिदरिंग (मोबाइलचे नेट केबलमार्गे संगणकाला देण्याची सोय) चालू करावे. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो.

कशाने सुधारले आणि कशाने बिघडले हे स्मरणावर न सोडता विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये पाहावे, हेही येथे सांगितले पाहिजे. स्टार्ट मेनूत तेच नाव टाइप केले की तो उघडतो. त्यात तारखेनुसार प्रत्येक अपयश लाल फुलीने दाखवलेले असते आणि त्याच दिवशी कोणता ड्रायव्हर बसला हेही खाली दिसते. वायफायचा ड्रायव्हर बदलण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या आठवड्यांतील फरक मला तेथेच पडताळता आला.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. विंडोज सिक्युरिटीमधील कोअर आयसोलेशनच्या खाली मेमरी इंटेग्रिटी नावाचे, घातक कोडपासून विंडोजच्या गाभ्याला वाचवणारे संरक्षण आहे, आणि एखादा जुना ड्रायव्हर त्याच्या कसोटीला उतरत नसेल तर ते चालूच होत नाही. माझ्याकडे त्या आड येत होता एका जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर. तेथेच त्याचे 'ओईएम' क्रमांकाचे नाव मिळाले, पण उत्पादकाने त्या मॉडेलसाठी पुढे काहीच काढलेले नसल्यामुळे हाताने टाकण्यासारखे काही उरले नव्हते. पीएनपीयूटिलने तो काढून टाकल्यावर संरक्षण चालू झाले. स्कॅनर आता जुन्या लॅपटॉपला जोडला आहे, त्या लॅपटॉपचे वायफाय बंद ठेवले आहे, आणि स्कॅन केलेली पाने पेन ड्राइव्हवरून इकडे आणावी लागतात.