पावसाळ्यासाठी दोन खून: ‘व्हिकरेज’ घ्यावं की ‘शार्प ऑब्जेक्ट्स’?

‘छोट्या गावातला खून हवा, आणि नायिका अशी की कुणाला ताकास तूर लागू देणार नाही.’ पाऊस जवळ आला की आमच्या मालवणच्या वाचकगटात ही फर्माईश होतेच. यंदा गाडी दोन नावांवर अडली: अगाथा ख्रिस्तीचं १९३० सालचं ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ आणि गिलियन फ्लिनची २००६ सालची पहिली कादंबरी ‘शार्प ऑब्जेक्ट्स’. दोन्हींवर कडाकडा वाद झाले. तुम्हीही याच पेचात असाल तर ते वाद उपयोगी पडावेत.

निव्वळ कोडं म्हणून ‘व्हिकरेज’ उजवं, यावर सगळ्यांचं एकमत. सेंट मेरी मीड या काल्पनिक इंग्लिश खेड्यात, गावाला नकोसा झालेला कर्नल प्रोथेरो व्हिकरेजमध्ये, म्हणजे पाद्र्याच्या घरी, त्याच्याच अभ्यासिकेत मेलेला सापडतो. गोष्ट सांगतो तो पाद्रीच, आणि याला कुणी मारलं तर जगावर उपकार होतील असं तो आधीच बोलून बसलेला असतो! त्या खोलीतलं घड्याळ वेळेवर निघता यावं म्हणून पाव तास पुढे ठेवलेलं. घरच्यांना हे ठाऊक, पोलिसांना नाही. एवढ्याशा गोष्टीवर असा घोळ घातलाय की आमच्यातल्या एका मावशींनी वहीत कोण कधी कुठे होतं याचा तक्ताच मांडला.

तक्रार एकच, गर्दीची. पात्रं फार, उपकथानकंही फार. पुढे आत्मचरित्रात ख्रिस्तीने स्वतःच हे मान्य केलंय. आणि मिस मार्पल या ख्रिस्तीच्या म्हाताऱ्या, हौशी गुप्तहेर बाईंची ही पहिली कादंबरी असली तरी ती अधूनमधूनच डोकावते. बागकाम आणि दुर्बिणीतून पक्षी पाहणं या निमित्तांनी ती सगळ्यांवर नजर ठेवते. संशयित किती हे सांगते, नावं मात्र पोटात ठेवते. पण हा तिचा डाव आहे, जखम नव्हे. म्हणून आतल्या गाठीची नायिका हवी असेल तर इथे हाती फारसं लागणार नाही.

ती आहे ‘शार्प ऑब्जेक्ट्स’मध्ये. कमील प्रीकर शिकागोतल्या एका वर्तमानपत्राची बातमीदार. मिझुरी राज्यातल्या विंड गॅप या (हेही काल्पनिकच) आपल्या गावी तिला बातमीसाठी धाडतात: एका लहान मुलीचा खून झालाय, दुसरी बेपत्ता आहे. उतरायचं आईच्याच घरी. गणपतीला आलेल्या चाकरमान्याला गाव जसं एका नजरेत जोखतं, तसंच तिथे तिचं होतं. फरक इतकाच की हिला कुणी मनापासून ‘ये गो’ म्हणत नाही, आई तर मुळीच नाही.

आमच्यात फूट पडली ती इथे. निम्म्यांचं म्हणणं, ही बाई वैताग आणते. दारू पिते, जवळ येणाऱ्याला दूर लोटते, उकाड्यातही लांब बाह्या घालते, आणि ‘मी’ म्हणून बोलत असूनही वाचणाऱ्यालाच काही सांगत नाही. मला हे पटत नाही. लोकांना प्रश्न विचारणं हा तिचा धंदा आहे, आणि दुसऱ्याला बोलतं करणं हीच तिची लपायची जागा. आईसमोर तिची वाक्यं कशी तोकडी होत जातात ते बघा. बाह्यांमागचं कारण काही प्रकरणांनंतर कळतं, आणि मग मागची पानं उलटून पाहिल्यावाचून राहवत नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: खुनी कोण याचा अंदाज मुरलेल्या वाचकाला लवकर येतो. शेवटाकडे एक झटका राखून ठेवलाय, तरी केवळ तपासासाठी वाचणाऱ्याला तो पुरणार नाही.

भाषेचं म्हणाल तर फ्लिन सोपी, वाक्यं छोटी, बोली आजची अमेरिकन. ख्रिस्तीचं इंग्रजी सरळ असलं तरी चर्चमधली पदं आणि मानपान समजायला थोडा वेळ लागतो.

शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे बसणार असतील तर डोळे झाकून ‘व्हिकरेज’ घ्या. ‘शार्प ऑब्जेक्ट्स’मध्ये मुलींचे खून आहेत, स्वतःला इजा करून घेण्याचे तपशील आहेत, आणि आईच्या मायेचं जे रूप आहे ते अंगावर येतं. कुणाच्या घरात असं काही नुकतंच घडून गेलं असेल तर गटात हे पुस्तक काढूच नका. एकट्याने वाचणार असाल आणि खुनी लवकर कळल्याचं दुःख नसेल, तर माझं मत फ्लिनला.

एचबीओ या अमेरिकन टीव्ही वाहिनीने २०१८ मध्ये ‘शार्प ऑब्जेक्ट्स’वर आठ भागांची मालिका केली; एमी ॲडम्स कमील झाली आहे आणि कामही चोख केलंय. पण ती नंतर पाहा. पुस्तक जे बराच वेळ झाकून ठेवतं, ते तिथे पहिल्याच भागाच्या शेवटी दिसतं.