स्ट्रोकनंतर सोडियम घसरलं: एसआयएडीएच की सॉल्ट वेस्टिंग?

इस्केमिक स्ट्रोकच्या (मेंदूची रक्तवाहिनी तुंबून आलेल्या झटक्याच्या) पेशंटचं रक्तातलं सोडियम १३५ mEq/L च्या खाली गेलं की लगेच मीठ वाढवा म्हणतात, पण आधी कारण बघा ना! एसआयएडीएचमध्ये एडीएच हे हार्मोन नको तेवढं सुटतं आणि शरीर पाणी धरून ठेवतं म्हणून सोडियम पातळ होतं, तिथे पाणी कमी करतात. सॉल्ट वेस्टिंगमध्ये मात्र लघवीतून मीठ आणि पाणी दोन्ही जातं, बीपी पडतं, तिथे सलाईन लागतं. लघवीतलं सोडियम दोन्हीत जास्तच येतं, त्यामुळे नुसत्या त्या रिपोर्टवर जाऊ नका, पेशंट कोरडा पडलाय का ते बघायलाच हवं, कारण कोरड्या पेशंटचं पाणी तोडलं तर मेंदूचा रक्तपुरवठा अजून कमी होतो, मला याचीच जास्त भीती वाटते. आणि हो, सोडियम घाईने चढवणं दोन्हीत धोक्याचं.