गिनी गवत आणि ट्रिप्सॅकम: फलनाविना भ्रूण घडवण्याच्या दोन वाटा

गोठ्यातल्या चाऱ्यासाठी आपल्याकडे लावले जाणारे गिनी गवत आणि मक्याचे अमेरिकेतील रानटी नातलग ट्रिप्सॅकम, या दोन्ही गवतांत अंडपेशीचे फलन न होताच भ्रूण तयार होतो आणि रोप मातृरोपाची हुबेहूब प्रत असते. मात्र तिथवर पोहोचण्याच्या त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

गिनी गवतात बीजांडातील एखादी साधी कायिक (प्रजननासाठी नसलेली) पेशीच भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी सामावणारी रचना, घडवते. याला अपोस्पोरी म्हणतात. अनेकदा अशा कोशाशेजारीच नेहमीच्या लैंगिक मार्गाने बनलेला कोशही वाढतो, त्यामुळे एकाच कणसात दोन्ही प्रकारचे बी मिळू शकते. ट्रिप्सॅकममध्ये मात्र एरवी लैंगिक भ्रूणकोशाला जन्म देणारी महाबीजाणू मातृपेशीच अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन, टाळते. ही डिप्लोस्पोरी.

खरा फरक भ्रूणपोषात, म्हणजे बियातील भ्रूणाला पोसणाऱ्या भागात, आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. परागकणाची गरज दोघांनाही असते, कारण भ्रूणपोष फलनातूनच बनतो. गिनी गवताच्या चार केंद्रकांच्या कोशात ध्रुवीय केंद्रक (परागकणातील नरकेंद्रकाशी जुळून भ्रूणपोष बनवणारे) एकच असल्याने माता आणि पिता यांच्या जनुकसंचांचे प्रमाण लैंगिक बियांप्रमाणेच २:१ राहते. ट्रिप्सॅकमच्या आठ केंद्रकी कोशात गुणसूत्रसंख्या निम्मी न झालेली दोन ध्रुवीय केंद्रके असल्यामुळे ते ४:१ होते. ट्रिप्सॅकमला हे चालते, पण मक्याला चालत नाही; प्रमाण बिघडले की त्याचे दाणे सुरकुततात. म्हणूनच मक्यातही फलनाविना भ्रूण घडवून संकरित मक्याचे गुण पिढ्यानपिढ्या टिकवायचे असतील, तर ट्रिप्सॅकमसारख्या जवळच्या नातलगापेक्षा गिनी गवताची रचना मला अधिक आश्वासक वाटते.