“ते बंद पडलं, दुसरीकडं नेतो”: कोल्हापुरात जेवायला जाणाऱ्यांसाठी

अंबाबाईचं दर्शन झालं की बाहेरगावचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच, तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो? हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारता, त्यावर तुमचं जेवण आणि तुमचं बिल दोन्ही ठरतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरच्यांच्या वाट्याला जे आलं ते तपशिलात लिहितो आहे, कारण ही फसवणूक त्या एका रात्रीपुरती नव्हती. ती रीतसर बसवलेली पद्धत आहे, आणि म्हातारे आई-वडील, लेकरं सोबत असलेली माणसं तिच्यात सगळ्यात आधी सापडतात.

आम्ही परभणीहून आलेले सहा जण होतो. आई-बाबा, मी, बायको, बहीण आणि दाजी. कोल्हापुरातल्या मित्रानं एका जुन्या खानावळीचं नाव सांगून ठेवलं होतं. भवानी मंडपाच्या बाहेर रिक्षावाल्याला ते सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, “पावणं, ते बंद पडलं की. मालकांच्यात भांडणं झाली. चला, त्याच्यापेक्षा भारी ठिकाणी नेतो. घरगुती चव हाय, फॅमिलीला बसायला वर वेगळी सोय हाय.” मित्राचा फोन लागेना. रात्र झाली होती, दिवसभर रांगेत उभं राहून बाबांचे गुडघे धरले होते. एका रिक्षात मावत नव्हतो, तर दुसरी रिक्षाही त्यानंच हाक मारून आणली.

गावाबाहेर हमरस्त्याच्या बाजूला नेलं. पाटीवर ‘अस्सल घरगुती कोल्हापुरी’ आणि त्याखाली ‘परमिट रूम व फॅमिली रेस्टॉरंट’. दारातल्या माणसानं आम्हाला आत घेण्याआधी रिक्षांचे नंबर एका वहीत उतरवले आणि पुढं ‘६’ असा आकडा लिहिला. पार्किंगची नोंद असेल असं तेव्हा वाटलं. ही वही लक्षात ठेवा.

बायका आणि आई-बाबा वर बसले. दाजी आणि मी थोडा वेळ खाली परमिट रूममध्ये बसलो. दाजींनी साठ मिलीचे दोन पेग घेतले, मी एक बिअर. उठताना बिल मागितलं तर वेटर म्हणाला, “राहू द्या साहेब, वरच्या बिलात जोडतो.” ऐकायला सोयीचं वाटतं, पण पुढचा सगळा घोळ या जोडण्यातच केलेला असतो.

वर जेवणाचं कार्ड होतं. मटण थाळी ३८०, व्हेज थाळी २२०. थाळी आली आणि पहिल्या घोटालाच कळलं. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, खडा मसाला. तो पातळ असतो, वाटी तोंडाला लावून प्यायचा असतो. इथं पिठानं दाट केलेली पांढरी आमटी होती. तांबड्याला कांदा-लसूण चटणीचा वास नाही, नुसता रंग. तो बोटांवर राहिला आणि लिंबू चोळूनही गेला नाही. सुक्क्यात हाडंच जास्त. मात्र वेटरचा आग्रह सारखा चालू होता. “घ्या की काकू, रस्सा घ्या, कोल्हापूरला आलाय न्हवं.” तो वाट्या ठेवत गेला. कोल्हापुरात थाळीबरोबर रस्सा वाढतच राहतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि नेमका त्याच भरवशाचा इथं फायदा घेतला जात होता.

बिल म्हणून एका छोट्या चिठ्ठीवर पेनानं लिहिलेला एकच आकडा आला, ५,२४८. मी तपशील मागितला. दोनदा मागावा लागला, तेव्हा मॅनेजरनं चिठ्ठीच्या पाठीमागं लिहून दिला. चार मटण थाळ्या १,५२०, दोन व्हेज ४४०. जादा रस्सा नऊ वाट्या, सत्तर रुपयांप्रमाणे ६३०. पाण्याच्या चार बाटल्या १६०. व्हिस्कीचे पेग दोनाचे तीन झालेले, ९६०. बिअर ३९०. इथवर ४,१०० झाले. त्या सगळ्या रकमेवर, दारूसकट, ‘जीएसटी १८ टक्के’ म्हणून ७३८, आणि सर्व्हिस चार्ज ४१०.

यातलं काय चुकीचं आहे ते प्रत्येकानं नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के असतो, नोव्हेंबर २०१७ पासून. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. हमरस्त्यावरच्या या जागेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दारूवर जीएसटी लागतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो आणि तो बिलात वेगळा दिसला पाहिजे. म्हणूनच खालचं बिल वर जोडायची एवढी घाई होती. एका आकड्यात सगळं मिसळलं की कशावर कुठला कर लावला ते कुणाला दिसत नाही. कर घेणाऱ्या हॉटेलच्या बिलावर आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून पंधरा खुणांचा जीएसटी क्रमांक लागतो, महाराष्ट्रातला असेल तर तो २७ नं सुरू होतो. चौदा अंकी अन्न परवाना क्रमांकही १ जानेवारी २०२२ पासून बिलावर असावाच लागतो. चिठ्ठीवर दोन्ही नव्हते. अशा चिठ्ठीवर घेतलेला ‘कर’ सरकारजमा होईल यावर माझा विश्वास नाही.

सर्व्हिस चार्जबद्दल तर शंकाच नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे की हॉटेलनं तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या कुठल्या नावानंही नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम केल्या. द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे.

पाण्याच्या बाटलीवर मात्र वाद घालू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून बरेच जण भांडतात. पण हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. आमच्या शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच मुद्द्यावर तावातावानं बोलत होता. मॅनेजरनं त्याला बाटलीमागं दहा रुपये सोडून दिले, आणि बाकीचं बिल तसंच राहिलं.

मी चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि सांगितलं, मशीनवरचं क्रमांकाचं बिल द्या, त्यावर जे येईल ते आत्ता देतो. मॅनेजर जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “पावणं, गावात नवीन हाईसा, बायका-माणसं संगट हाईत, कशाला वाढवताय?” या वाक्याचा मला आजही राग येतो. बाबा तोवर काठी टेकत उठून काउंटरपाशी येऊन उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, “बिल येईपर्यंत आम्ही इथंच आहोत.” बऱ्याच वेळानं छापील बिल निघालं. पेग दोन, रस्सा नाही, सर्व्हिस चार्ज नाही, जेवणावर ५ टक्के, दारूवर व्हॅट वेगळा. एकूण चौतीसशेच्या आत. म्हणजे अठराशेच्या वर पैसे नुसते चिठ्ठीवर उभे केलेले होते.

पैसे देतानाही एक गोष्ट आढळली. टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर हॉटेलचं नाव येईना, कुणा माणसाचं नाव आलं. काउंटरवरचा दुसरा कोड मागितला तेव्हा हॉटेलचं नाव दिसलं. पैसे कुणाच्या खात्यात जातात हे पिन टाकण्याआधी बघत जा, कारण उद्या तक्रार करायची तर तोच पुरावा असतो.

तिथंच काउंटरवर ती दारातली वही उघडी पडलेली होती. रिक्षाचे नंबर, माणसांचे आकडे आणि पुढं रुपये. आम्हाला आणणाऱ्याचा हिशोब आमचं जेवण सुरू असतानाच लिहून झाला होता. हे पैसे मालक स्वतःच्या खिशातून देत नाही. ते जादा वाटीतून, तिसऱ्या पेगातून येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ती ‘बंद पडलेली’ खानावळ गाठली. सुरू होती आणि बसायला जागा नव्हती. भिंतीवर दरफलक, जादा भाकरी केवढ्याला, जादा सुक्कं केवढ्याला, सगळं लिहिलेलं. रस्सा पुरे म्हणेपर्यंत वाढत होते आणि त्याचे पैसे नव्हते. मालकांशी बोललो तर त्यांना ही ‘बंद पडल्याची’ गोष्ट माहीत होती, गिऱ्हाइकं येऊन सांगतात म्हणाले. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं वाईट वाटणं मी विसरलो नाही. लुबाडणूक आमची झाली तशी त्यांच्या नावाचीही होते, कारण तसलं जेवण खाऊन गेलेला माणूस गावाकडं जाऊन कोल्हापूरलाच नावं ठेवतो.

आणि हे गाव तसं नाही. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीची धार तुमच्या डोळ्यांसमोर काढून ग्लास हातात देतात. उद्यमनगरातली फडतरे मिसळ असो की कसबा बावड्यातली बावडा मिसळ, लोक स्वतःच्या पायानं शोधत जातात, त्यांना कुणी दलाल लागत नाही. खासबागेजवळ राजाभाऊंच्या भेळेचं तेच. विचारायचंच तर ज्याला तुमच्या जेवणातून काही मिळणार नाही त्याला विचारा. मेडिकल दुकानदार, दुपारी डबा न आणलेला बँकेतला कारकून, तालमीतून निघालेली पोरं. कोल्हापूरकराला खाण्याबद्दल विचारलं की तो थांबून सांगतो, शेजारचा त्याला खोडून काढतो, आणि त्या वादातूनच दोन-तीन चांगली नावं निघतात. नवरात्रात आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत गर्दी फार असते, तेव्हा हे आधीच विचारून ठेवा. रिक्षावाल्यांतही सरळ माणसं पुष्कळ आहेत. आम्हाला त्या खानावळीत नेणारा रिक्षावालाच होता, आणि त्यानं वाटेत दुसऱ्या कुठल्या जागेचं नावही काढलं नाही. पण तुम्ही सांगितलेलं ठिकाण बंद आहे असं कुणी म्हटलं, तर आधी तिथवरच न्यायला सांगा.

परमिट रूममध्ये बसणार असाल तर खालचं बिल खालीच चुकतं करा. पेग टेबलावर मापानं ओतायला लावा, लहान तीस मिलीचा, मोठा साठचा. आणि प्रत्येक खेपेला वेटरकडून आकडा लिहून घ्या.

परगावच्या माणसाला फसवणारे एकाच गोष्टीवर विसंबून असतात, की हा सकाळच्या गाडीनं जाणार, तक्रारीसाठी परत थोडाच येणार आहे? यायची गरजच नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर कुठूनही तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. चिठ्ठीचे फोटो, छापील बिल आणि पैसे दिल्याची नोंद जोडून आम्ही १९१५ वर तक्रार केली आहे. आयोगाचा अर्ज बाबा परभणीत स्वतःच्या हातानं लिहीत आहेत.