विंडोज बदललं आणि फाइल जाईना: जुना शेअर दुरुस्त करायचा, एफटीपी लावायचं, की तिसराच रस्ता?

सोमवारी सकाळी सव्वादहाला नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका सीए ऑफिसातून फोन आला. "दादा, सर्व्हरच दिसून नाही राहिला. शनिवारी तर चालू होता ना!" शनिवारी संध्याकाळी तिथल्या सहाही कॉम्प्युटरवर विंडोज ११ मीच चढवून आलो होतो, त्यामुळे "तुम्ही कशाला हात लावला?" हे माझं नेहमीचं वाक्य वापरता आलं नाही. त्यात तारीख अठरा, आणि वीसच्या आत जीएसटीचे रिटर्न.

तो 'सर्व्हर' म्हणजे कूलरमागच्या फळीवर ठेवलेला दोन डिस्कचा जुना नास डबा, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायची फाइलींची पेटी. पासवर्ड नाही, काही नाही. नेटवर्कवर आलात की दार उघडंच. शेजारी स्कॅनचं मोठं मशीन, तेही कागद त्याच डब्यात टाकायचं. चढवायच्या आधी हे दोन्ही तपासायला हवं होतं, ती चूक माझी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. तेव्हापासून असेच फोन धंतोलीतून आले, महालातूनही आले. तक्रार सगळीकडे एकच, पण तीन ठिकाणी उपाय तीन निघाले. तुम्हीही याच पेचात असाल तर कोणता रस्ता कोणाला परवडतो ते लिहितो.

आधी स्क्रीनवरचं वाचा

शेअर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडलेला फोल्डर, बंद पडला की लोक वायर हलवतात, राउटर बंद-चालू करतात. करा, त्यात काही जात नाही. पण बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतंच. नव्या विंडोजने जुन्या डब्याशी बोलायला नकार दिलेला असतो, आणि त्याचं कारण समोर लिहिलेलं असतं. आपण ते न वाचता ओके दाबतो.

'नेटवर्क पाथ सापडला नाही' आणि शेवटी ००३५ असलेला कोड आला, तर आधी डब्याच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता टाकून बघा: दोन उलट्या रेघा आणि पुढे १९२.१६८.१.२० किंवा तुमचा जो असेल तो. पत्त्याने उघडलं आणि नावाने नाही, तर भानगड फक्त नावाची आहे. पत्त्यावरच ड्राइव्ह मॅप करा (म्हणजे तो शेअर झेडसारख्या अक्षराने जोडा) आणि राउटरमध्ये तो पत्ता पक्का करून टाका. पत्त्यानेही नाही उघडलं तर पुढे वाचा.

'एसएमबी १ हा कालबाह्य प्रोटोकॉल लागतो' असा संदेश असेल तर डबा फारच जुना आहे; एसएमबी म्हणजे विंडोज नेटवर्कवरच्या फाइली ज्या भाषेत मागतं ती, आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे' असं आलं तर डब्याला पासवर्ड नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीए सरांनी तो संदेश वाचून मला विचारलं होतं, "आपलं कोणतं धोरण आहे बे हे?" ऑफिसात माणसं सात. आणि 'क्रिप्टोग्राफिक सिग्नेचर चुकीची आहे' असं आलं, तर डब्याला सही करता येत नाही.

ही सहीची गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर आहे. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रो मध्ये दोन गोष्टी बदलल्या: नेटवर्कवरून जाणाऱ्या फाइलच्या प्रत्येक पाकिटावर (तुकड्यावर) डिजिटल सही सक्तीची झाली, आणि बिनपासवर्डाचा गेस्ट प्रवेश बंद झाला. सहीची शाई पासवर्डातून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, तर तो सही करणार कशाने? म्हणून नुसता गेस्ट प्रवेश सुरू करून भागत नाही, सहीची सक्तीही काढावी लागते. एक खिडकी उघडायला गेलात की दोन उघडाव्या लागतात.

विंडोज सैल करणं की डब्याला पासवर्ड देणं

सैल करणं सोपं आहे, हे मी लपवत नाही. ग्रुप पॉलिसीत 'लॅनमन वर्कस्टेशन'खाली इनसिक्युअर गेस्ट लॉगॉन्स एनेबल करायचं, लोकल सिक्युरिटी पॉलिसीत नेटवर्क क्लायंटचं 'डिजिटली साइन कम्युनिकेशन्स, ऑलवेज' डिसेबल करायचं, रीस्टार्ट. दहा मिनिटांत चहा यायच्या आत काम होतं. डबा एसएमबी १ वालाच असेल तर विंडोज फीचर्समधून तोही परत चढवता येतो.

पण हे तुम्ही सहाही कॉम्प्युटरवर करताय, एका डब्यासाठी. ही सैल फक्त त्या डब्यापुरती राहत नाही, तो कॉम्प्युटर ज्याच्या-ज्याच्याशी जोडला जाईल तिथे लागू होते. सरांचा लॅपटॉप तर विमानतळावर, हॉटेलात, क्लायंटच्या वायफायवर फिरतो. एसएमबी १ बद्दल तर मी सरळ नाहीच म्हणतो: मे २०१७ मधलं वॉनाक्राय त्याच्याच भोकातून पसरलं, आणि त्याच वर्षीपासून विंडोज ते आपणहून चढवत नाही. हट्टाने चढवलंत तरी 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'ची खूण तशीच राहिली, तर कॉम्प्युटर चालू असूनही पंधरा दिवस वापर झाला नाही की विंडोज ते काढून टाकतं. मग पुन्हा सोमवार, पुन्हा फोन.

डब्याला पासवर्ड देण्यात अर्धा दिवस गेला. ब्राउझरमधून डब्याचं सेटिंगचं पान उघडलं, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीपर्यंत नेलं, एसएमबी २ आणि ३ सुरू केले, ऑफिससाठी एक युजर बनवला. गंमत म्हणजे डबा हे सगळं कितीतरी वर्षांपासून करू शकत होता, कोणी विचारलंच नव्हतं. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन डब्याच्या जुन्या नोंदी काढल्या. ही पायरी लोक विसरतात. जुनी नोंद राहिली की विंडोज गुपचूप तीच पाठवत राहतं, आणि तुम्ही बरोबर पासवर्ड टाकूनही दार बंद. एका टेबलावर 'एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही' असं आलं; साइन आउट करून परत आलो की गेलं.

आणखी एक. ड्राइव्हचं अक्षर पूर्वीचंच ठेवा. झेड होतं तर झेडच. टॅलीला डेटाचा रस्ता त्याच अक्षराने पाठ असतो; वाय दिलंत तर कंपन्यांची यादी रिकामी दिसेल आणि अकाउंटंट मॅडम तुमच्याकडे बघतील तसं कोणी बघू नये.

माझा कौल इथे स्पष्ट आहे: डबा एसएमबी २ बोलत असेल तर पासवर्ड द्या, विंडोजला हात लावू नका. तो बोलतच नसेल, फर्मवेअरही मिळत नसेल, तर डेटा काढून घ्या आणि डबा बदला. राउटरला मागून यूएसबी डिस्क टोचून जे 'सर्व्हर' चालतात, त्यांचंही तेच.

धंतोलीचं वेगळं निघालं

तिथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये डबा नव्हताच. रिसेप्शनचा कॉम्प्युटर आतल्या कॉम्प्युटरवरचा रिपोर्टचा फोल्डर उघडायचा. मी सगळ्या सह्या-पासवर्डाची तयारी करून गेलो. निघालं काय, तर आतल्या कॉम्प्युटरवर नेटवर्क 'पब्लिक' झालं होतं; ते 'प्रायव्हेट' केलं की फायरवॉलने वाट दिली. त्यानंतर नाव-पासवर्ड विचारला, तर ताई पिन टाकत होत्या. पिन त्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आतल्या कॉम्प्युटरवर एक साधं लोकल खातं काढून दिलं आणि पंधरा मिनिटांत बाहेर. दोन कॉम्प्युटरच असतील तर आधी हे दोन बघा, नवीन काही विकत घेऊ नका.

एफटीपी: म्हातारं, पण स्कॅनरला कळतं

सीए ऑफिसात डब्याला पासवर्ड लागला, सगळे खूष, आणि स्कॅनचं मशीन रुसलं. त्याला फक्त एसएमबी १ येत होतं. इथे मी एफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायची जुनी पद्धत, लावलं, आणि लावताना मला कसंही वाटलं नाही.

एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ चा, एमआयटीमध्ये अभय भूषण यांनी लिहिलेला, जे त्याआधी आयआयटी कानपूरला शिकले होते. ते म्हातारपण त्याच्यात दिसतं: पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्यावर जातात. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये त्याला काढूनच टाकलं, मॅकचा फाइंडर एफटीपीवरून फक्त वाचू देतो, टाकू देत नाही. पण ऑफिसच्या चार भिंतींच्या आत, स्कॅनरपासून डब्यापर्यंत, वेगळा युजर आणि एकच फोल्डर, एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. डब्यातच एफटीपीची सोय होती, फक्त सुरू केली. नवं मशीन घ्यायचा खर्च वाचला.

एक खोट आहे. स्कॅनरवर फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर डब्यात प्रश्नचिन्हांची माळ येते, कारण जुन्या मशीनला युनिकोड कळत नाही. नावं इंग्रजी आकड्या-अक्षरांतच ठेवायला सांगितलं.

हेच एफटीपी बाहेरच्या लोकांसाठी उघडायचं असेल तर मात्र थांबा. महालातल्या ऑफसेट प्रेसमध्ये तेच चालू होतं. डिझायनर घरून लग्नपत्रिकांच्या, बॅनरच्या फाइली प्रेसच्या कॉम्प्युटरवर टाकायचे. तो कॉम्प्युटर नव्याने कोरा करून विंडोज चढवलं आणि लक्षण असं: लॉगिन होतं, 'वेलकम' येतं, पण फोल्डरची यादी काढताना गाडी थांबते ती थांबतेच.

हे लक्षण ओळखून ठेवा, कारण ते पासवर्डाचं नाही. एफटीपी दोन वाटांनी चालतं. २१ क्रमांकाच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर दिलेलं दार) बोलणं होतं, आणि यादी किंवा फाइल दुसऱ्याच पोर्टवरून येते. अॅक्टिव्ह प्रकारात सर्व्हर तुमच्याकडे उलट हाक मारतो आणि तुमच्या घरचा राउटर ती अडवतो. पॅसिव्हमध्ये दोन्ही हाका तुम्हीच मारता, पण सर्व्हरने त्यासाठी पोर्टची एक पट्टी मोकळी ठेवावी लागते. कोऱ्या विंडोजमध्ये ती पट्टी फायरवॉलमधून पुसली गेली होती. विंडोजच्या काळ्या खिडकीतल्या एफटीपी कमांडने तपासायला जाऊ नका, तिला पॅसिव्ह येतच नाही, फाइलझिला घ्या.

पट्टी उघडून दिली असती तर त्याच दिवशी चाललं असतं. पण क्लायंटच्या फाइली आणि पासवर्ड उघड्यावर घराघरांतून येणार, हे मला पटलं नाही.

एसएफटीपी: बाहेरच्यांसाठी हेच

नावात एफटीपी असलं तरी हे त्याच्या घरातलं नाही. ते एसएसएच या कुलूपबंद जोडणीवर चालतं, २२ क्रमांकाचं एकच पोर्ट, सगळं कुलूपबंद. यादीवर अडकायचा प्रश्नच नाही, कारण दुसरी वाट नाही. विंडोजच्या ऑप्शनल फीचर्समध्ये ओपनएसएसएच सर्व्हर मिळतो, पैसे लागत नाहीत. डिझायनरांनी विनएससीपी किंवा फाइलझिलामध्ये फक्त प्रकार बदलला.

मी इथेही आपटलो. संध्याकाळी सगळं चाललं, सकाळी प्रेस उघडली तर बंद. सेवा 'मॅन्युअल'वर असते. 'ऑटोमॅटिक' केली नाही तर रीस्टार्टनंतर झोपूनच राहते. दुसरं, कॉम्प्युटर पुढे कधी पुन्हा कोरा केलात तर सगळ्यांना 'होस्ट की बदलली' (म्हणजे सर्व्हरची ओळख बदलली) असा लाल इशारा दिसेल. कारण माहीत असेल तर स्वीकारा, माहीत नसेल तर आधी प्रेसला फोन.

उलट दिशेचाही बिघाड असतो. उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचं चढवलं आणि जुन्या डब्याशी एसएफटीपी जुळेना, 'नो मॅचिंग होस्ट की टाइप' असं आलं, तर ते नव्या ओपनएसएसएचने जुनी एसएचए-१ सही नाकारलेली आहे. तिथे त्या एका पत्त्यापुरती सूट देता येते, सगळ्यांसाठी नाही. विंडोजच्या शेअरमध्ये ही सोय असती तर माझं निम्मं काम वाचलं असतं.

एसएफटीपीची अडचण म्हणजे ते एक्सप्लोररमध्ये झेड ड्राइव्हसारखं दिसत नाही, आणि जुन्या स्कॅनरला ते बहुतेक कळत नाही. म्हणून ऑफिसातल्या रोजच्या कामाला नको.

क्लाउड आणि पेनड्राइव्ह

क्लाउडवर थोडक्यात. पाच-पन्नास एक्सेल असतील तर उत्तम, कुठलंही विंडोज चढवा, फरक पडत नाही. प्रेसच्या शेकडो एमबीच्या फाइलींना ते झेपत नाही, गूगलची फुकटातली १५ जीबी जीमेल-फोटोंसकट महिन्यात भरते. शिवाय सिमेंट रोडसाठी कुठेतरी खोदलं आणि फायबर तुटलं की शेजारच्या टेबलावरची फाइलही मिळत नाही. पेनड्राइव्ह एका दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी 'बॅलन्सशीट फायनल २' कोणाकडची खरी, यावर भांडण.

परत जुन्यावर जायचं?

जाता येतं, पण घड्याळ लावून: सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'गो बॅक' सहसा दहा दिवसच असतं. विंडोज १० वर राहायचंच तर वाढीव सुरक्षा अपडेट्सची घरगुती योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सीए सरांनी हे ऐकून विचारलं, "मग तवरी थांबलो असतो ना?" थांबले असते तरी डबा तोच राहिला असता.

सीए ऑफिसात त्या सोमवारी दोन वाजता पहिल्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह उघडला, पाचला सहाव्यावर. स्कॅनरचं मंगळवारी झालं. पासवर्ड काय ठेवायचा यावर आर्टिकलच्या (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या) पोरांचं एकमत व्हायला मात्र बुधवार उजाडला.