गुडघेदुखीवरच्या विनालेबल पुड्या आणि 'मोफत फुल बॉडी चेकअप' : ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी तर नक्की वाचा

तुमच्या घरात कुणाला वर्षानुवर्षं गुडघेदुखी असेल आणि कुठल्यातरी पुडीने ती चार-पाच दिवसांत गायब झाली असेल तर खुश होऊ नका, आधी ती पुडी बघायला मागा. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते कारण शेवटपर्यंत सगळेच वाचत नाहीत. पुडीचा संशय आला तरी आपल्या मनाने ती एका झटक्यात बंद करायला लावू नका, पुडी हातात घेऊन थेट एमडी फिजिशियनकडे जा. का ते पुढे येईलच.

माझी आई ७१ वर्षांची, बाबा ७६. दोघंच चिंचवडला असतात, मी ठाण्याला आणि भाऊ बंगळुरूला. आईला शुगर आहे, बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू, आणि दोन्ही गुडघे धरलेले. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरायची. तर त्यांच्या घराजवळ एका हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी मोफत संपूर्ण शरीर तपासणीचं शिबिर लागलं, रक्त काढायचं नाही, सुई टोचायची नाही, एका मिनिटात रिपोर्ट. आई तिच्या मैत्रिणींबरोबर गेली. आता फुकट बीपी तपासून देतायत म्हटल्यावर कोण नाही जाणार?

मशीन म्हणजे काय तर लॅपटॉपला वायरने जोडलेली एक धातूची दांडी. ती मुठीत घट्ट धरून बसायचं, त्याआधी तुमचं वय, उंची, वजन टाईप करून घेतात, आणि मिनिटाभरात तीसचाळीस पानांचा रिपोर्ट छापून हातात. लिव्हर, किडनी, हाडांची घनता, कोलेजन, शरीरातले जड धातू, सगळ्याचे आकडे आणि जवळपास प्रत्येक पानावर लाल रंग. मग गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक माणूस समोर बसवून सांगतो की आई, गुडघ्यातलं वंगण संपत आलंय, सहा महिन्यांत ऑपरेशन करावं लागणार, चार-पाच लाखांचा खर्च आणि वर मुलांना त्रास. हे 'मुलांना त्रास' वाक्य बरोब्बर लागतं. आपल्या आयांना ऑपरेशनची जेवढी भीती वाटत नाही तेवढी आपल्यामुळे कुणाची रजा जाईल याची वाटते, आणि हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

तिथंच कोर्स विकला. पांढऱ्या कागदात बांधलेल्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ एकेक, सोबत एक तेल आणि कसल्यातरी काळ्या गोळ्या. पहिल्या महिन्याचे १८,५०० रुपये. बिल म्हणून एका कोऱ्या कागदावर पेनने आकडा, ना जीएसटी नंबर ना दुकानाचा पत्ता. आणि दोन सूचना, एक म्हणजे शुगरची गोळी हळूहळू कमी करा कारण आमच्या औषधाने शुगर मुळापासून जाते, आणि दुसरी म्हणजे मुलांना इतक्यात सांगू नका, आजकालच्या मुलांना आयुर्वेद पटत नाही, गुण आला की मग सांगा.

रोज संध्याकाळी त्यांच्यातल्या एका मुलाचा फोन यायचा. आई पुडी घेतली का, जेवलात का, आज फिरायला गेला होतात का. दहा-दहा मिनिटं बोलायचा. आई नंतर हॉस्पिटलमध्ये मला म्हणाली, "अगं तो किती आपुलकीने विचारायचा, असा माणूस खोटं देईल असं वाटलंच नाही मला." मला त्या पैशांपेक्षा या वाक्याचा संताप जास्त आला. तिच्या एकटेपणाचा हिशोब मांडून धंदा केला त्यांनी.

आणि गुण आला ना! आठवड्याच्या आत आई कठडा न धरता जिना उतरायला लागली. भूक वाढली, अंगात उत्साह आला, रात्री एकला जागी राहून कपाट आवरायची. तिच्या गुडघ्यांकडे बघून सोसायटीतल्या अजून काही जणींनी तेच शिबिर गाठलं, म्हणजे आईच त्यांची जाहिरात झाली. गणपतीत मी गेले तेव्हा तिचा चेहरा गोल गरगरीत झालेला, गाल वर आलेले, दर्शनाला येणारा प्रत्येक जण म्हणतोय काकू तब्येत छान सुधारली हो. हातांवर मात्र जागोजागी निळसर काळे डाग होते. विचारलं तर म्हणाली कुठंतरी लागलं असेल, बांगडी घासली असेल.

मग तिसऱ्या महिन्याच्या पुड्या संपल्या. तोवर पन्नास हजारांच्या वर पैसे गेले होते, त्यासाठी बाबांनी पोस्टातलं खातं मोडलं. नवीन कोर्ससाठी आईने फोन लावला तर नंबर बंद. पुडी बंद झाली आणि दोन-तीन दिवसांत आई अंथरुणाला खिळली. उलट्या, हातपाय गळालेले, उठून बसलं की डोळ्यापुढे अंधारी, गुडघे आधीपेक्षा दुप्पट दुखायला लागले. बाबांनी शेजाऱ्यांच्या मदतीने तिला ॲडमिट केलं तेव्हा बीपी ८४ वर आलं होतं आणि मेटफॉर्मिन तिने जवळपास सोडलंच होतं म्हणून शुगर ३८० च्या पुढे.

डॉक्टरांनी तिचा चेहरा आणि हातावरचे डाग बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरी कसली पावडर-बिवडर चालू होती का? आई गप्प. बाबांनी घरी जाऊन तांदळाच्या डब्यामागून एक उरलेली पुडी शोधून आणली. सकाळची कॉर्टिसोलची, म्हणजे शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइड हार्मोनची टेस्ट केली तर ते जवळजवळ नाहीच. मग डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड कुटून मिसळलेलं असतं, ते अगदी स्वस्तात मिळतं, सूज आणि दुखणं झपाट्याने दाबतं म्हणून चमत्कार वाटतो. पण गुडघ्याची झीज आहे तिथंच असते. उलट शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, कातडी पातळ होऊन जरा दाबलं तरी डाग पडतो, तोंड सुजल्यासारखं गोल होतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे आपल्या किडनीच्या वर ज्या ॲड्रिनल ग्रंथी असतात त्या कॉर्टिसोल रोज स्वतः बनवतात, बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या बनवायचं थांबवतात. पुडी अचानक बंद झाली की शरीरात बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, बीपी कोसळतं, माणूस दगावू शकतो. म्हणून वर लिहिलं की एकदम बंद करू नका. आईला आता डॉक्टर स्वतःच मोजून स्टिरॉइड देतायत आणि हळूहळू कमी करतायत.

त्या मशीनचं पण सांगते. दुसऱ्या भागात तसंच शिबिर लागल्याचं कळलं तेव्हा मी आणि माझे मिस्टर मुद्दाम गेलो. मिस्टरांनी आधी वय ४८ सांगितलं, दांडी धरली, रिपोर्ट घेतला. थोड्या वेळाने दुसऱ्या टेबलावर नाव बदलून वय ६८ आणि वजन दहा किलो जास्त सांगितलं. हात तोच, माणूस तोच, आणि दुसऱ्या रिपोर्टात हाडांची घनता एकदम खाली आणि हृदयाच्या पानावर लाल खुणा. दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं तर मशीन गरम झालंय म्हणाले, आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर मागितल्यावर दोन पोरांनी आम्हाला दाराबाहेर काढलं. मुठीत दांडी धरून कुणाच्या किडनीचं क्रिएटिनिन कळत नाही हो, त्याला रक्तच तपासावं लागतं, आणि हाडांची घनता बघायला डेक्सा स्कॅन करावा लागतो.

मला आयुर्वेदाबद्दल वाईट बोलायचं नाहीये, आमच्या घरी वैद्यांचं औषध वर्षानुवर्षं घेतलं जातं. पण कंपनीच्या आयुर्वेदिक औषधाच्या डबीवर सुद्धा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, आतले घटक आणि एक्सपायरी छापावीच लागते. वैद्य बीएएमएस असले तर त्यांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी असते, नंबर विचारला म्हणून खरा वैद्य चिडत नाही. आणि डायबेटिस, बीपी, संधिवात मुळापासून बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याखाली गुन्हा आहे, म्हणजे त्यांचं पत्रकच त्यांच्याविरुद्धचा पुरावा असतो, ते फाडून टाकू नका.

घरच्यांवर ओरडू पण नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. भावाने फोनवर आवाज चढवला तर आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि सोसायटीतल्या ज्या बाकीच्या बायका पुड्या खात होत्या त्या भीतीने अजूनच लपवायला लागल्या. शेवटी आईनेच हॉस्पिटलच्या बेडवरून एकेकीला फोन केले की बाई गं पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा. त्यातल्या एकीची शुगर चारशेच्या वर सापडली, तिला डायबेटिस आहे हेच माहीत नव्हतं.

आम्ही काय केलं ते लिहिते, कुणाला उपयोगी पडेल. उरलेली पुडी, ती कोरी चिठ्ठी, पत्रक, मशीनचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि ऑनलाइन पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट असं सगळं एका फायलीत लावून अन्न व औषध प्रशासनाकडे (टोल फ्री १८००२२२३६५) आणि पोलिसांकडे लेखी तक्रार दिलीये. दुकानदार किंवा कंपनी सापडत असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. कुणी ज्येष्ठ एकटे असतील आणि कुठं जायचं कळत नसेल तर १४५६७ ही एल्डर लाइन फुकट आहे. रोख पैसे दिलेल्यांचं अवघड आहे, आमचा पहिला हप्ता रोखीतच गेला.

पुडीचा लॅब रिपोर्ट अजून यायचाय. त्या लोकांनी आता गाव बदललं असणार, नाव पण बदललं असेल, पण ती दांडी, लाल पानं आणि मुलांना सांगू नका हे तिन्ही सेम असणार. तुमच्याकडे असं शिबिर लागलेलं दिसलं तर बॅनरचा आणि हॉलचा फोटो काढा आणि त्याच दिवशी अन्न व औषध प्रशासनाच्या वरच्या नंबरवर कळवा, एकदा का ते उठून गेले की मग कुणी सापडत नाही.