जीटीए फाइव्ह (पीसी) रिव्ह्यू: गेमला साडेचार स्टार, लायसन्सला दोन

रॉकस्टारच्या जीटीए फाइव्ह (ग्रँड थेफ्ट ऑटो) या गेमचा रिव्ह्यू आता कोण वाचणार म्हणा, गेम आला २०१३ ला, पीसीवर आला १४ एप्रिल २०१५ ला, तेव्हा शाळेत असलेली पोरं आता नोकऱ्या शोधतायत. त्यामुळे मिशन किती भारी आणि त्यातला ट्रेव्हर किती येडा हे सांगत बसत नाही. मी बोलणारे फक्त स्टोरी मोडबद्दल (एकट्याने खेळायचा भाग), तेही मॉड (चाहत्यांनी बनवलेले गेममधले बदल) टाकून खेळणाऱ्याच्या नजरेतून, कारण स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) सेल लागला की ग्रुपवर हमखास एकच प्रश्न येतो, "मॉड टाकले तर बॅन होतो का रे, आणि हे लीगल आहे का?" आणि त्याला मिळणारी उत्तरं सगळी ऐकीव, कुणाच्या तरी मामेभावाचं अकाउंट गेलं छाप.

गेम म्हणून तक्रार नाही. गेममधलं शहर लॉस सँटोस आजही बघण्यासारखं आहे, आणि तीन हिरोंमधे मधेच उडी मारायची गंमत एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाला तशी जमली नाही. पण स्टोरी एकदा संपली की संपली. रॉकस्टारने २०१३ मधेच सांगितलेलं की २०१४ ला स्टोरी मोडमधे मोठी भर पडणार, ती काय आली नाही, सगळं लक्ष गेलं जीटीए ऑनलाइनकडे, तिथे शार्क कार्ड (खरे पैसे देऊन गेममधले पैसे) विकली जातात, धंदा आहे, समजू शकतो. पण मग ज्याला ऑनलाइनमधे बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या शिव्या खायच्या नाहीत, ज्याला रात्री जेवण झाल्यावर एकट्याने शांतपणे गाडी चालवायचीये, त्याने काय करायचं? त्याला सांभाळलं ते मॉडवाल्यांनी.

आणि काय सांभाळलंय. एलएसपीडीएफआर टाकला की तुम्ही पोलीस होता, गाडी अडवा, कागदपत्रं बघा, कॉल आला की पळा, मूळ गेम चोराचा आणि हा बरोबर उलटा, मला तर खऱ्या स्टोरीपेक्षा हाच जास्त आवडला. नॅचरलव्हिजन टाकला की पाऊस पडून गेल्यावरचा रस्ता असा दिसतो की गेम कधीचा आहे ते विसरायला होतं (ग्राफिक्स कार्ड मात्र बोंब मारतं). यूट्यूबवर हिंदीत जीटीए खेळणारी जी चॅनल पोरं बघतात त्यातली थार, स्कॉर्पिओ, बुलेट कुठून येते वाटतं? रॉकस्टारने काय महिंद्राशी टायअप केलेलं नाहीये. हे सगळं चालतं दोन टूलच्या जोरावर, एक स्क्रिप्ट हुक व्ही (मॉडचा कोड गेममधे चालवणारा) आणि दुसरा ओपनआयव्ही (गेमच्या फाइली उघडून बदलणारा). आणि दोन्ही बनवणाऱ्यांनी लाज राखलीये, स्क्रिप्ट हुक असताना ऑनलाइनमधे जायला गेलात तर गेम सरळ बंद होतो, आणि ओपनआयव्हीमधे वेगळा मॉड्स फोल्डर करता येतो म्हणजे मूळ फाइलींना हात लागत नाही.

आता लायसन्सकडे येतो, कारण खरा रिव्ह्यू मला त्याचाच करायचाय. इन्स्टॉल करताना आपण जे न वाचता अ‍ॅग्री करतो त्यात सरळ लिहिलंय की सॉफ्टवेअर पूर्ण किंवा थोडंसुद्धा बदलायचं नाही, उघडून बघायचं नाही, त्यावरून दुसरं काही बनवायचं नाही. सिंगल-प्लेयर, मल्टिप्लेयर असला काही भेद नाही. आणि गेम तुम्हाला विकलेला नाही, वापरायला दिलाय. म्हणजे गिरगावातल्या पागडीच्या खोलीसारखं, पैसे भरभक्कम मोजायचे, वर्षानुवर्षं राहायचं, पण मोरीची फरशी बदलायची म्हटलं तर मालकाला विचारा.

हे नुसतं कागदावर असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं, तसं पहिली दोन वर्षं कुणी दिलंही नाही. मग जून २०१७ मधे टेक-टूने (रॉकस्टारची मालक कंपनी) ओपनआयव्हीवाल्यांना नोटीस पाठवली आणि जवळजवळ दहा वर्षं चाललेलं काम त्यांना बंद करावं लागलं. रॉकस्टारचं म्हणणं असं की ऑनलाइनमधे लोकांना छळणारे जे मॉड आलेत ते या टूलमुळे शक्य होतात. ओपनआयव्हीवाले म्हणाले, आम्ही ऑनलाइनला कधी हातच लावला नाही. मग स्टीमवर लोकांनी निगेटिव्ह रिव्ह्यूंचा असा काही पाऊस पाडला की बास, आणि महिना संपायच्या आत ओपनआयव्ही परत आला आणि रॉकस्टारने एक धोरण टाकलं: पीसीवरचं, सिंगल-प्लेयर, बिनपैशाचं आणि दुसऱ्याच्या मालकीचं काही न वापरणारं मॉडिंग असेल तर टेक-टू साधारणपणे कोर्टात जाणार नाही.

लोकांनी फटाके वाजवले. मी म्हणतो नीट वाचा. "साधारणपणे". पुढे त्यातच लिहिलंय की हे लायसन्स नाही, आणि कंपनीला वाटेल तेव्हा हे मागे घेता येईल. म्हणजे करारात बंदी तशीच्या तशी आहे, फक्त सध्या साहेब चांगल्या मूडमधे आहेत. शिवाय काय काय चालणार नाही त्याची यादी बघा, दुसऱ्या गेममधलं काही आणायचं नाही, रॉकस्टारच्या स्वतःच्या जुन्या गेममधलंसुद्धा नाही, आणि नवीन गेम, नवीन कथा, नवीन मिशन, नवीन नकाशे बनवायचे नाहीत. अहो मग उरलं काय, गाडीचा रंग? जीटीए फोरचं लिबर्टी सिटी फाइव्हमधे आणायचा ओपनआयव्हीचा जो प्रोजेक्ट होता तो जुन्या गेममधलं आणायचं नाही या कलमापायी गेला. आणि काटेकोर बघितलं तर आपली थारसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची डिझाइन, म्हणजे यूट्यूबवरचा तो अख्खा बाजार नुसत्या दुर्लक्षावर चाललाय.

कथा आणि नकाशावरच एवढी नजर का, त्यामागे मला वाटतं अमेरिकेतली एक जुनी केस आहे. ड्यूक न्यूकेम थ्रीडी आठवतो का, त्या गेमबरोबर लेव्हल बनवायचा एडिटर यायचा आणि लायसन्समधे परवानगी होती की लेव्हल बनवा, पण वाटायची तर फुकट. मायक्रो स्टार नावाच्या कंपनीने नेटवरून लोकांच्या ३०० लेव्हल उचलल्या आणि सीडीवर टाकून विकल्या. १९९८ मधे अपील कोर्टाने ठरवलं की या लेव्हल म्हणजे ड्यूकच्या नवीन गोष्टीच झाल्या, आणि आपल्या पात्राच्या पुढच्या गोष्टी सांगायचा हक्क मूळ मालकाचा. त्याउलट १९९२ च्या निन्टेन्डोच्या केसमधे गेम जिनीला, म्हणजे कन्सोलला लावून जास्तीचे लाइफ वगैरे देणाऱ्या डबड्याला, त्याच कोर्टाने सोडून दिलं होतं. पण मजा अशी की ड्यूकवाल्यांनी मॉडिंगला बंदी केलेली नव्हती, उलट एडिटर हातात दिलेला, अट फक्त धंदा करू नका एवढी. आणि त्या अटीवर ते कोर्टात जिंकले. मग परवानगी दिली तर आमचा हक्क जाईल ही भीती कशाची?

हां, कंपनीची एक बाजू खरी आहे. २००५ चं हॉट कॉफी प्रकरण. जीटीए सॅन अँड्रियासमधे एक अश्लील मिनीगेम दडवून ठेवलेला, एका मॉडने तो उघडला, अमेरिकेत गेमचं रेटिंग बदलून फक्त प्रौढांसाठी झालं, दुकानांनी माल काढून टाकला, बराच खर्च आणि कोर्टकचेरी झाली. एवढं भोगल्यावर कुठलाही वकील मॉड शब्द ऐकून दचकणारच. पण तो मिनीगेम डिस्कवर आधीपासून होता ना, मॉडवाल्याने घरून आणला नव्हता. रॉकस्टारने सुरुवातीला खापर हॅकर्सवरच फोडलं होतं.

ऑनलाइनच्या चीटिंगबद्दल तर मी शंभर टक्के कंपनीच्या बाजूने आहे. तिथे समोर दुसरा माणूस असतो. करा बॅन. पण सिंगल-प्लेयरमधे मी माझ्या फ्रँकलिनला सुपरमॅनचे कपडे घालून माउंट चिलियाडवरून उडवला तर नुकसान कुणाचं?

आणि कंपनीलाही हे कळतं, फक्त उशिरा. २०१५ मधे फाइव्हएम (जीटीए फाइव्ह लोकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर खेळू देणारा मॉड) बनवणाऱ्यांची अकाउंट रॉकस्टारने सस्पेंड केली होती, पायरसीला मदत करता म्हणून. ऑगस्ट २०२३ मधे तीच टीम विकत घेतली. (ते मल्टिप्लेयरचं प्रकरण आहे, आपल्या विषयाबाहेरचं, पण सांगितल्याशिवाय राहवेना.) याउलट २०२१ मधे जुन्या जीटीएंचे बरेच मॉड नोटिसा पाठवून उतरवले, आणि मग नोव्हेंबरमधे त्याच तीन जुन्या गेमची स्वतःची नवी आवृत्ती, ट्रिलॉजी डेफिनिटिव्ह एडिशन, आणली ती अशी की आठवड्याभरात माफी मागायची वेळ आली. पावसाचे ते पांढरे दोर आठवतायत का, समोरचा रस्ता दिसत नव्हता. लोकांनी ती दुरुस्त केली कशाने, मॉडनेच.

मग चांगलं लायसन्स कसं असतं? माइनक्राफ्टचं वाचा, साध्या इंग्रजीत आहे, गेम घेतलाय ना, मग बदला, खेळा, तुम्ही शून्यातून बनवलेला मॉड तुमचाच, फक्त आमचा कोड त्यात भरून वाटू नका आणि मॉड विकू नका. झालं. दोन ओळीत विषय संपला आणि माइनक्राफ्ट काही बुडाला नाही. स्कायरिमचं पण बऱ्यापैकी, गेम आला नोव्हेंबर २०११ ला आणि फेब्रुवारी २०१२ ला तो बनवणाऱ्या बेथेस्डाने मॉड बनवायचं स्वतःचं क्रिएशन किट फुकट दिलं, म्हणूनच तो गेम लोक अजून खेळतायत. त्यातल्या एका मॉडवरून तर द फरगॉटन सिटी नावाचा वेगळा गेम २०२१ मधे निघाला, आणि मूळ मॉडच्या लेखनाला ऑस्ट्रेलियातल्या लेखकांच्या संघटनेचं बक्षीस मिळालेलं.

पण तिथेही मेख आहे. किटचा करार वाचलात तर तुम्ही मॉड वाटलात की तो हवा तसा, कायमचा, एक पैसा न देता वापरायचा हक्क आपोआप बेथेस्डाला जातो. तुम्ही मात्र परस्पर विकायचा नाही. एप्रिल २०१५ मधे स्टीमवर पेड मॉड सुरू केले तेव्हा बनवणाऱ्याला मिळणार होते २५ टक्के, लोक इतके खवळले की चार दिवसांत गुंडाळावं लागलं. आणि ब्लिझार्डने तर कहर केला, त्यांच्या वॉरक्राफ्ट थ्रीच्या एका मॅपमधून डोटा हा तुफान चाललेला गेम निघाला आणि हातातून गेला, म्हणून २०२० ला नवी आवृत्ती रिफोर्ज्ड आणली त्या वेळी धोरणातच लिहून टाकलं की तुम्ही बनवलेले कस्टम गेम संपूर्णपणे आमच्या मालकीचे. पोरगं तुमचं, आडनाव आमचं. अशी परवानगी मला टेक-टूच्या बंदीपेक्षा जास्त खटकते, कारण टेक-टू निदान तुमचं काम आपलं म्हणत नाही.

आपल्याकडचा कायदा यात बराच समजूतदार आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मधे, कशाला उल्लंघन म्हणायचं नाही त्या यादीत, कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून स्वतःच्या बिनव्यावसायिक वापरासाठी प्रोग्रॅमची कॉपी किंवा त्यात फेरफार करणं हे स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही विकत घेतलेल्या गेममधे घरी बसून काही बदललंत तर त्या कायद्याने तुम्ही चोर नाही. वाटायला लागलात तर गोष्ट वेगळी, आणि लायसन्स हा कंपनीशी केलेला वेगळा करार, तो मोडला म्हणून अकाउंट बंद करायचं बटण त्यांच्याच हातात. कायदा शहाणा असून उपयोग काय, गेम राहतो स्टीमच्या लायब्ररीत आणि लाँचर रॉकस्टारचा.

माझी मागणी फार नाही. सिंगल-प्लेयरमधे बदल करायला परवानगी आहे हे करारात लिहा, धोरणाच्या पानावर नको, आणि आधी बनलेल्या मॉडची परवानगी मागाहून काढून घेणार नाही हेही लिहा. विकायला बंदी ठेवा, ऑनलाइनला कुलूप ठेवा, माझी ना नाही. कथा, मिशन आणि नकाशांवरची बंदी मात्र हटवा, कारण तुम्ही स्वतः स्टोरीची भर घालणार नसाल तर निदान घालणाऱ्याला तरी घालू द्या. माणूस चार वर्षं रात्री जागून नकाशा बनवतो तो "साधारणपणे" या एका शब्दाच्या भरवशावर, हे काही बरोबर नाही.

तर घ्यावा का? घ्या, पण सेलमधे घ्या, पूर्ण किमतीला अजिबात नको. मार्च २०२५ पासून पीसीवर दोन व्हर्जन आहेत, लेगसी आणि एनहान्स्ड. एनहान्स्ड दिसायला भारी, रे ट्रेसिंग वगैरे, पण जुने मॉड लिहिलेत ते लेगसीसाठी, त्यामुळे मॉडसाठी घेत असाल तर लेगसीच टाका. बॅटलआय (चीटिंग पकडणारा प्रोग्रॅम) लाँचरच्या सेटिंगमधून बंद करा, मॉड्स फोल्डर वेगळा ठेवा, आणि ऑनलाइन खेळायचं असेल त्या दिवशी सगळं काढून मगच जा, नाहीतर खरंच बॅन व्हाल आणि त्यात चूक तुमचीच असेल. गेमचा अपडेट आला की स्क्रिप्ट हुक जुना पडतो आणि गेम उघडतच नाही, घाबरून पुन्हा शंभर जीबी डाउनलोड करू नका, थोडे दिवस थांबा, नवीन स्क्रिप्ट हुक येतो.